एमआरआय नॉर्मल आला तरी पार्किन्सन म्हणतात... मेंदूच्या स्कॅनमध्ये नक्की काय दिसतं?

मनवा | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतेय, धागा मात्र पहिल्यांदाच काढतेय.

बाबांचं वय ६७. चालताना त्यांचा उजवा हात हलतच नाही, अंगाला चिकटवल्यासारखा राहतो, हे वर्षभरापूर्वी आईच्या लक्षात आलं. मग शर्टाची बटणं लावायला वेळ लागायला लागला. आणि सही. पहिलं अक्षर नेहमीएवढं, पुढे पुढे बारीक होत जातं आणि शेवटचं अक्षर मुंगीएवढं. हात फारसा थरथरत नाही त्यामुळे पार्किन्सन आमच्या कुणाच्या डोक्यातच आला नाही, खांदा आखडलाय असं समजून चार महिने खांद्याचेच व्यायाम चालले होते.

न्यूरॉलॉजिस्टनी चांगलं अर्धा तास तपासलं. अंगठा आणि तर्जनी भराभर आपटायला लावली, दरवेळी बोटं मोठी उघडा म्हणाले. डावा हात ठीक चालला, उजव्या हाताची उघडझाप दहाव्या वेळेपर्यंत चिमटीएवढी झाली होती, मी समोरच बसले होते. मग मनगट फिरवून पाहिलं, लांबवर चालायला लावलं, वळायला लावलं, मागून खांदे ओढून पाहिले. म्हणाले पार्किन्सन वाटतोय, लेव्होडोपा, म्हणजे डोपामिनची कमी भरून काढणाऱ्या गोळ्या, सुरू करू आणि एकदा मेंदूचा एमआरआय करून घ्या.

एमआरआयचा रिपोर्ट आला, वयानुसार होणारे बदल, बाकी विशेष काही नाही. झालं. धाकटे काका म्हणाले मेंदूचा फोटोच नॉर्मल आहे तर मेंदूचा आजार कुठून आला, आणि बाबांना नेमकं तेच ऐकायचं होतं. परवापासून त्यांनी गोळ्या बंद केल्यात.

पार्किन्सन एमआरआयमध्ये दिसत नाही का? नसेल दिसत तर मग करायला का सांगतात? आणि नेटवर डॅटस्कॅन म्हणून एक वाचलं, ते करून घ्यावं का? कुणाला माहिती असेल तर प्लीज जरा सविस्तर सांगा, काकांना समजवायचंय आणि त्याहून जास्त बाबांना.

सावळाघन | सोमवार, रात्री ११:०५

मनवा, स्कॅनचं नंतर बघू, आधी गोळ्यांचं. लेव्होडोपा अशी मनाने तोडायची नसते. माझ्या सासऱ्यांना उलट्या सुरू झाल्या होत्या, तीन दिवस एकही गोळी पोटात टिकली नाही, चौथ्या दिवशी अंग लाकडासारखं ताठ, वर ताप आणि घाम, ऍडमिट करावं लागलं. ते बरीच वर्षं मोठ्या डोसवर होते आणि तुझ्या बाबांची आत्ताच सुरुवात आहे हे खरं, तरी डॉक्टरांना फोन करून सांग की दोन दिवस घेतल्या नाहीत, आता पुढे कशा घ्यायच्या. उद्यावर टाकू नकोस.

मनवा | सोमवार, रात्री ११:३०

धन्यवाद दादा. डॉक्टरांना मेसेज टाकला, लगेच उत्तर आलं, सकाळपासून परत सुरू करा म्हणाले. बाबा नाराज आहेत पण घेतो म्हणालेत.

क्षकिरण | मंगळवार, सकाळी ७:१५

मी रेडिओलॉजिस्ट आहे, रोज हेच रिपोर्ट लिहितो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

मनवा, तुमच्या बाबांचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचं निदान यात काहीही विसंगती नाही. साधा एमआरआय मेंदूची घडण दाखवतो, कुठे पाणी साठलंय, कुठे रक्तपुरवठा बंद पडून डाग पडलाय, कुठे गाठ आहे, कुठला भाग आक्रसलाय. पार्किन्सनमध्ये सुरुवातीची पडझड मेंदूच्या मधल्या देठात, म्हणजे मिडब्रेनमध्ये, सबस्टँशिया नायग्रा नावाच्या पातळ पट्टीत होते. डावीकडे एक उजवीकडे एक अशा दोन पट्ट्या. नावाचा अर्थच काळा पदार्थ. तिथल्या डोपामिन, म्हणजे हालचालीसाठी लागणारं रसायन, बनवणाऱ्या पेशींमध्ये न्यूरोमेलॅनिन नावाचं गडद रंगद्रव्य असतं म्हणून ती काळी. शिकत असताना मी दोन मिडब्रेन शेजारी शेजारी ठेवलेले पाहिलेत, निरोगी माणसाच्या कापावर नुसत्या डोळ्यांनी दोन काळ्या रेघा स्पष्ट दिसतात, आणि पार्किन्सनच्या रुग्णाच्या कापावर त्या जागी रेघ पुसून टाकल्यासारखी फिकट झालेली असते. जेम्स पार्किन्सन यांनी आजाराचं वर्णन १८१७ मध्ये लिहिलं, पण गडबड या काळ्या पट्टीत आहे हे ट्रेट्याकॉफ यांनी १९१९ मध्ये दाखवलं, शंभर वर्षं गेली मधे.

आता अडचण अशी की पेशी मेल्या तरी पट्टीचा आकार लगेच बदलत नाही, आणि एमआरआय पेशी मोजत नाही, तो मुख्यतः ऊतींमधल्या पाण्याचा सिग्नल पकडतो. त्यामुळे नेहमीच्या सिक्वेन्समध्ये, म्हणजे चित्र काढायच्या नेहमीच्या पद्धतींमध्ये, पार्किन्सनच्या बहुतेक रुग्णांचा मेंदू त्यांच्या वयाच्या इतर माणसांसारखाच दिसतो.

मग करायला का सांगतात? कारण हुबेहूब पार्किन्सनसारखी चाल, मंदपणा, ताठरपणा दुसऱ्या कारणांनीही येतो. मेंदूच्या पोकळ्यांमध्ये पाणी वाढलं असेल, खोल भागात छोटे छोटे स्ट्रोक होऊन गेले असतील, कवटीखाली हळूहळू रक्त साचलं असेल, क्वचित गाठ असेल. यातल्या काहींवर उपचार पूर्ण वेगळे आहेत. तुमच्या बाबांच्या डॉक्टरांनी 'दुसरं काही आहे का' एवढं विचारलं आणि एमआरआयने 'नाही' सांगितलं. काकांनी ते उत्तर भलत्याच प्रश्नाला जोडलंय.

निदान त्या उघडझापीत झालं. हालचाल मंद होणं, आणि त्याच्या जोडीला कंप किंवा ताठरपणा, यावरच हे निदान आजही होतं.

टिपकागद | मंगळवार, सकाळी ९:५०

क्षकिरण, फार छान लिहिलंय. पण मग पार्किन्सन दाखवणारा एमआरआय अस्तित्वातच नाही का? माझ्या बहिणीच्या रिपोर्टमध्ये 'स्वॉलो टेल साइन दिसत नाही' असं एक वाक्य होतं आणि आम्ही दोन दिवस त्याचाच अर्थ शोधत बसलो होतो. आणि ८० टक्के पेशी गेल्यावरच आजार कळतो म्हणतात, हे खरं आहे का?

क्षकिरण | मंगळवार, दुपारी १:४०

अस्तित्वात आहे. सकाळी मुद्दाम तिकडे गेलो नव्हतो कारण तो सगळीकडे होत नाही.

स्वॉलो म्हणजे भिंगरी पक्षी, तिची शेपटी दुभंगलेली असते. लोहाला संवेदनशील असा एक सिक्वेन्स असतो, सुसेप्टिबिलिटी वेटेड म्हणतात, त्यात सबस्टँशिया नायग्रा लोहामुळे काळी येते. पण निरोगी माणसात तिच्या मागच्या भागात एक छोटा लांबट ठिपका पांढरा राहतो, त्याला नायग्रोसोम १ म्हणतात. पांढऱ्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंनी काळ्या रेघा, म्हणजे झाली भिंगरीची शेपटी. २०१४ मध्ये हे नाव रूढ झालं. पार्किन्सनमध्ये सर्वात जास्त पेशी नेमक्या या ठिपक्यातल्या जातात, तिथला सिग्नल बदलतो, पांढरं भरून जातं आणि शेपटीच्या दोन टोकांऐवजी एकच काळी पट्टी उरते. मी रिपोर्टिंगच्या स्क्रीनवर हे बघतो तेव्हा तो ठिपका तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान जागेत शोधत असतो, एक स्लाइस वर गेलो की नाही, एक खाली गेलो की नाही. त्याला ३ टेस्लाचं, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाचं, मशीन लागतं, स्लाइस पातळ लागतात, आणि रुग्ण अजिबात हलून चालत नाही, जे कंप असलेल्या माणसाला सांगणं किती कठीण आहे ते मला रोज दिसतं. डोकं जरासं हललं की शेपटी पुसट होते, आणि मग ती आजाराने गेली की हालचालीने हे सांगता येत नाही. त्यामुळे टिपकागद, ते एक वाक्य एकटं वाचू नका, तपासणीच्या जोडीनेच त्याला वजन आहे.

दुसरा प्रकार न्यूरोमेलॅनिनचा. २००६ मध्ये जपानमधल्या रेडिओलॉजिस्टांनी ३ टेस्लावर असा सिक्वेन्स वापरला की ते रंगद्रव्य पांढरं चमकतं. म्हणजे जी रेघ कापावर काळी दिसायची ती इथे उजळ दिसते, आणि पार्किन्सनमध्ये ती उजळ रेघ बारीक आणि फिकी होते, बाजूच्या टोकाकडून आधी. मला व्यक्तिशः हे चित्र फार महत्त्वाचं वाटतं, कारण मृत्यूनंतर सुरीने कापूनच जे कळायचं ते जिवंत माणसात दिसायला लागलं.

८० टक्क्यांबद्दल. हा आकडा सगळीकडे फिरतो पण त्यात दोन गोष्टींची सरमिसळ आहे. १९९१ मध्ये फर्नली आणि लीस यांनी मृत्यूनंतरच्या मेंदूंमध्ये पेशी मोजून मागे हिशोब केला, लक्षणं सुरू होताना सबस्टँशिया नायग्रातल्या एकूण साधारण ४८ टक्के पेशी गेलेल्या असतात, आणि सर्वात नाजूक भागात, खालच्या बाहेरच्या थरात, ६८ टक्के. मोठे आकडे येतात ते बहुतेक पुटामेनमधल्या डोपामिनचे, म्हणजे या पेशींचे लांब धागे जिथे जाऊन पोचतात तिथले. पेशी मरण्याआधी तिचा धागा टोकाकडून वाळतो, म्हणून टोकाला तूट जास्त.

गामा | मंगळवार, रात्री ८:२०

धाग्यांचा विषय निघाला म्हणून लिहितो. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे, मनवाताईंचा डॅटस्कॅनचा प्रश्न तसाच राहिलाय.

एमआरआय घर दाखवतो, आमचा स्कॅन घरात दिवे लागलेत का ते दाखवतो. डोपामिन सोडणाऱ्या धाग्याच्या टोकाला एक पंप असतो, सोडलेलं डोपामिन परत आत ओढून घेणारा, त्याला डोपामिन ट्रान्सपोर्टर म्हणजेच डॅट म्हणतात. आयोफ्लुपेन नावाचं औषध त्या पंपाला जाऊन चिकटतं आणि त्याला आयोडीन १२३ जोडलेलं असतं, ते कॅमेऱ्यात दिसतं. धागे जितके शाबूत तितका उजेड. युरोपात २०००पासून आणि अमेरिकेत २०११पासून याला मान्यता आहे. दुसरं ट्रोडॅट, तेही त्याच पंपाला चिकटतं, फक्त त्यात टेक्नेशियम असतं जे आमच्याकडे बाकीच्या स्कॅनसाठी रोज लागतंच, म्हणून बऱ्याच ठिकाणी तेच करतात. तिसरा एफ-डोपा पेट स्कॅन, त्यात पंपाऐवजी डोपा आत घेऊन त्याचं डोपामिन बनवून साठवायची क्षमता दिसते.

प्रत्यक्ष दिवस कसा जातो ते सांगतो, कारण घरचे घाबरून येतात. आयोडीनवालं असेल तर आधी थायरॉईड झाकायचं औषध देतात, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन तिकडे जाऊन बसत नाही. मग शिरेतून इंजेक्शन, आणि मग थांबायचं, तीन ते सहा तास. मग अर्धा पाऊण तास टेबलावर पडून राहायचं, कॅमेरे डोक्याच्या अगदी जवळून हळूहळू फिरतात. एमआरआयसारखा आवाज नाही, बोगदाही नाही. हनुवटी आणि कपाळाला आम्ही पट्टा लावतो तेव्हा बरेच जण दचकतात, तर तेवढं आधीच सांगून ठेवा.

निरोगी माणसाच्या चित्रात मधे दोन स्वल्पविराम दिसतात, समोरासमोर. डोकं म्हणजे कॉडेट, शेपूट म्हणजे पुटामेन. पार्किन्सनमध्ये शेपूट आधी विझते, मागच्या टोकाकडून, आणि बहुतेकदा एका बाजूला आधी. बाबांचा उजवा हात मंद आहे तर डावीकडची शेपूट जास्त गेलेली असणार, उलट बाजूची. पुढे दोन्हीकडच्या शेपट्या जातात आणि स्वल्पविरामाचे पूर्णविराम होतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय पण पहिल्या चित्राची एक बाजू स्क्रीनवर उमटायला लागते आणि दुसरी उमटत नाही तेव्हा अजूनही पोटात कालवतं, काचेपलीकडे तो माणूस शांत पडलेला असतो आणि त्याला अजून काहीच माहीत नसतं.

काही औषधं तोच पंप अडवतात, म्हणजे चित्र खोटं येऊ शकतं. ब्युप्रोपिऑन, मिथाइलफेनिडेट ही त्यातली. लेव्होडोपा सहसा बंद करावी लागत नाही. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न चुकता द्या, झोपेच्या आणि नैराश्याच्या गोळ्यांसकट, त्या सांगायला लोक संकोचतात.

ओंजळ | मंगळवार, रात्री ९:०५

माझ्या बाबतीत या स्कॅनचा खरंच उपयोग झाला. दोन्ही हात थरथरतात, कप उचलला की जास्त. एक डॉक्टर म्हणाले इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे थरथरीचा वेगळाच आजार, दुसरे म्हणाले पार्किन्सनची सुरुवात असू शकते. दोघांच्या मतभेदात मी आठ महिने रात्र रात्र जागून काढले. शेवटी स्कॅन केला, दोन्ही स्वल्पविराम पूर्ण. थरथर अजून आहेच, पण ती कुठली नाही हे कळलं.

क्षकिरण | मंगळवार, रात्री १०:१५

ओंजळ, अगदी याच प्रश्नासाठी तो आहे. इसेन्शियल ट्रेमरमध्ये डोपामिनचे धागे शाबूत असतात. काही औषधांनी येणारा पार्किन्सनिझमही असाच, उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड, चक्कर येते म्हणून महिनोन्‌महिने घेतलेलं सिनॅरिझिन किंवा फ्लुनारिझिन, मानसिक आजारावरची काही औषधं. ही औषधं डोपामिन झेलणाऱ्या पलीकडच्या रिसेप्टरला किंवा साठवणीला त्रास देतात, धागा मारत नाहीत, म्हणून स्कॅन सहसा नॉर्मल. त्यामुळे स्कॅनकडे पळायच्या आधी घरातल्या गोळ्यांचा डबा डॉक्टरांसमोर उघडा.

पण जिथे तपासणीतच चित्र स्पष्ट आहे तिथे डॅटस्कॅनने फारशी भर पडत नाही. आणि तो एक गोष्ट सांगूच शकत नाही, धागे गेलेत ते पार्किन्सनने की त्याच्या भाऊबंदांपैकी कुणामुळे. पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी), एमएसए (मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी) हे पार्किन्सनसारखेच दिसणारे दुसरे आजार, यांच्यातही स्वल्पविराम तुटतोच.

अबोली२ | बुधवार, सकाळी ६:३०

भाऊबंद वाचलं आणि लिहावंसं वाटलं. माझ्या सासूबाईंना पीएसपी होतं, पार्किन्सन म्हणून दोन वर्षं उपचार चालले. त्या पडायच्या, मागच्या मागे, झाड पडावं तशा, आणि हे पहिल्या वर्षापासून. ताटातलं अन्न दिसायचं नाही त्यांना, म्हणजे नजर ठीक होती पण डोळे खाली वळायचेच नाहीत, हात चाचपडत जायचा. आम्ही म्हणायचो लक्ष नाही तुमचं. ते आता आठवलं तरी स्वतःचा राग येतो. लेव्होडोपा वाढवत गेलो, काडीचा फरक नाही.

पहिल्या एमआरआयच्या रिपोर्टमध्येही वयानुसार बदल हेच शब्द होते. दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी तीच जुनी सीडी लावली, मेंदूचा बाजूने दिसणारा उभा काप काढला, आणि पेन्सिलच्या टोकाने दाखवलं, हे बघा, मिडब्रेन वरून चपटं झालंय, पुढे चोच निघाल्यासारखं दिसतंय, खालचा पॉन्स फुगीर पोटासारखा तसाच आहे. हमिंगबर्ड साइन म्हणतात याला म्हणाले. एकदा दाखवल्यावर मलाही तो पक्षी दिसला, आणि मग दुसरं काही दिसेनाच. तो काप पहिल्या दिवसापासून सीडीत होता.

कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाहीये, सुरुवातीला तो बदल बारीक असतो हे मला मागाहून समजावलं गेलं. पण मनवा, बाबा जर लवकर पडायला लागले, किंवा गोळ्यांनी फरकच पडला नाही, किंवा डोळे खालीवर वळेनासे झाले, तर हा एमआरआय परत कुणाला तरी दाखव. नवीन काढायच्या आधी जुना दाखव.

क्षकिरण | बुधवार, सकाळी ८:००

अबोली, मनापासून धन्यवाद. रिपोर्ट लिहिणाऱ्या आम्हा सगळ्यांना हे वाचायची गरज आहे.

इथे घडणीतला बदल, म्हणजे आकार, खरोखर कामाला येतो. पीएसपीमध्ये मिडब्रेन आक्रसतो आणि पॉन्स टिकतो, म्हणून दोघांचं प्रमाण मोजतात. २००८ मध्ये इटलीतल्या क्वात्रोने यांच्या गटाने मिडब्रेन, पॉन्स आणि सेरेबेलमला, म्हणजे लहान मेंदूला, जोडणारे दोन देठ यांची मापं एकत्र करून एक निर्देशांक काढला, तो पट्टी लावून मोजता येतो, त्याला खास मशीन लागत नाही. एमएसएमध्ये उलट पॉन्स आणि सेरेबेलम आक्रसतात आणि पॉन्सच्या आडव्या कापात पांढरी फुली उमटते, अधिकच्या चिन्हासारखी. या खुणा सुरुवातीला नसू शकतात, म्हणून त्या नाहीत यावरून आजार नाही असं म्हणता येत नाही. दिसल्या तर मात्र गंभीरपणे घ्यायच्या.

आणि एक, रिक्विझिशनच्या कागदावर जर फक्त 'एमआरआय ब्रेन' लिहून आलं तर आम्ही ढोबळ बघतो. 'उजवा हात मंद, पार्किन्सनिझम, मिडब्रेन पाहावा' एवढं लिहून आलं की बघणाऱ्याचा डोळाच बदलतो. घरच्यांनी हे मागायला अजिबात लाजू नये.

गामा | बुधवार, दुपारी २:१०

पूरक माहिती. पार्किन्सन की एमएसए हा प्रश्न अडला तर एक स्कॅन चक्क हृदयाचा करतात, एमआयबीजी. पार्किन्सनमध्ये हृदयाकडे जाणाऱ्या सिंपथेटिक नसांची टोकंही जातात, त्यामुळे हृदय चित्रात उमटत नाही, एमएसएमध्ये बहुतेकदा उमटतं. जपानमध्ये हा बराच वापरतात. हृदयविकार किंवा मधुमेहामुळेही त्या नसा जातात, तेव्हा जपून वाचावा लागतो.

पेनटोपण | बुधवार, रात्री ९:४०

मी स्वतः रुग्ण. वय ५४, निदान होऊन सहा वर्षं झाली. तुमचं सगळं वाचलं, दोनदा वाचलं. माझा प्रश्न वेगळा आहे, दरवर्षी स्कॅन करून आजार किती पुढे गेला ते मोजता येईल का? मला आकडा हवाय. आज बरं वाटतंय की वाईट हे माझं मलाच नीट सांगता येत नाही, सकाळी बूट घालायला दहा मिनिटं लागतात आणि अकरा वाजता मी जिने चढून जातो, तर खरा मी कुठला? शिवाय स्मृतीची भीती वाटते. मेंदूचं आवरणही पातळ होतं असं वाचलं.

क्षकिरण | गुरुवार, सकाळी ७:३०

पेनटोपण, तुमचा प्रश्न या धाग्यातला सर्वात अवघड आहे, नीट उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

आवरणाबद्दल वाचलंत ते खरं आहे. २०२१ मध्ये एनिग्मा नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने २३५७ रुग्ण आणि ११८२ निरोगी लोकांचे एमआरआय एकत्र करून मोजले. रुग्णांमध्ये कॉर्टेक्स, म्हणजे तेच आवरण, बऱ्याच भागांत पातळ सापडलं, पुटामेन आणि अमिग्डाला हे आतले भाग लहान सापडले, आजाराच्या पुढच्या टप्प्यांत फरक वाढत गेलेला होता. पण ही सरासरी आहे, हजारो माणसं एकत्र केल्यावर दिसणारी, एकेका माणसातला फरक मिलिमीटरच्या छोट्या अंशाचा. एका माणसाचा स्कॅन समोर ठेवून तुमचं आवरण पातळ झालंय, स्मृतीला धोका आहे, असं मी सांगू शकत नाही आणि कुणी तसं सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

संशोधनात आशा वाटावी असं एक माप आहे, मोकळं पाणी. पेशी गेल्या की मधल्या जागेत पाणी जास्त मोकळं फिरतं, डिफ्युजन एमआरआयवरून सबस्टँशिया नायग्राच्या मागच्या भागातलं ते पाणी मोजतात, आणि रुग्णांमध्ये ते वर्षागणिक वाढताना दिसलंय. औषधांच्या चाचण्यांसाठी याचा विचार होतोय. तुमच्या वार्षिक तपासणीसाठी आज तरी नाही.

आणि डॅटस्कॅन दरवर्षी का नको, त्याला एक ठोस कारण आहे. २००४ मध्ये एलडोपा नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. नुकतंच निदान झालेले ३६१ रुग्ण, काहींना लेव्होडोपाचे वेगवेगळे डोस, काहींना नुसती साखरेची गोळी, ४० आठवडे. लेव्होडोपा घेणारी माणसं स्पष्टपणे बरी होती, मोठा डोस घेणारी सर्वात बरी. आणि स्कॅन? लेव्होडोपावाल्यांचा उजेड साखरेच्या गोळीवाल्यांपेक्षा जास्त घटलेला. माणूस सुधारलेला आणि चित्र बिघडलेलं. औषधामुळे पंपाची संख्याच कमी होत असेल असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे. म्हणजे तुम्ही दरवर्षी चित्र काढलंत आणि ते फिकं आलं तर ते आजाराने की औषधाने हे सांगता येणार नाही, आणि तुम्ही मात्र त्या फिक्या चित्राला घाबरून जिने चढायचे सोडून द्याल.

त्याच चाचणीत ज्यांचे स्कॅन केले त्यातल्या साधारण १५ टक्के जणांचे स्कॅन सुरुवातीलाच नॉर्मल होते. तज्ज्ञांनी निदान केलेली माणसं ही. म्हणजे तपासणीही चुकते, ते लपवण्यात अर्थ नाही, आणि म्हणूनच शंका असेल तिथे स्कॅनला जागा आहे.

पेनटोपण | गुरुवार, सकाळी ८:१०

वाचलं. थोडा वेळ गप्प बसलो होतो. पटलं. बूट घालायला किती मिनिटं लागतात ते रोज वहीत लिहायला सुरुवात करतो, गोळीची वेळ शेजारी.

सावळाघन | गुरुवार, सकाळी १०:००

पेनटोपण, ती वही डॉक्टरांना खूप उपयोगी पडते, आमचा अनुभव आहे. डोसच्या वेळा त्यावरूनच बदलल्या होत्या. आणखी एक विचारायचं होतं, लेवी बॉडी, म्हणजे ती प्रोटीनची गुठळी, स्कॅनवर दिसते का? अल्झायमरमध्ये अमायलॉइड प्रोटीनचं पेट स्कॅन असतं ना तसं.

क्षकिरण | गुरुवार, दुपारी १:१५

अजून नाही. लेवी यांनी त्या गुठळ्या १९१२ मध्ये पाहिल्या, त्या अल्फा-सिन्यूक्लिनच्या असतात हे १९९७ मध्ये कळलं, पण हे प्रोटीन मुख्यतः पेशीच्या आत असतं आणि प्रमाणही कमी, त्यामुळे त्याला धरून चमकणारा, पार्किन्सनच्या रोजच्या तपासणीत वापरता येईल असा पेट ट्रेसर हातात आलेला नाही. जोरात काम चालू आहे. आपण आज जे बघतो ते सगळे परिणाम, गेलेलं रंगद्रव्य, साठलेलं लोह, विझलेले धागे.

मनवा | शनिवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. आज बाबांना आणि काकांना दोघांनाही घेऊन डॉक्टरांकडे गेले होते, सीडी बरोबर नेली. क्षकिरण आणि अबोलीताई म्हणाल्या तसं मी सरळ विचारलं की मिडब्रेन बघाल का. त्यांनी लगेच लावली. उभा काप दाखवला, मिडब्रेन वरून छान गोलाकार, चोच वगैरे काही नाही. मशीन दीड टेस्लाचं होतं आणि तो लोहाचा सिक्वेन्स पातळ स्लाइसमध्ये काढलेला नव्हता, त्यामुळे भिंगरीची शेपटी यात शोधायची नाही म्हणाले. डॅटस्कॅनची आत्ता गरज नाही, तपासणीत शंका नाही, तीन महिन्यांनी गोळ्यांचा परिणाम बघू आणि तेव्हा काही वेगळं वाटलं तर ठरवू.

काकांनी त्यांना परत तोच प्रश्न विचारला, रिपोर्ट नॉर्मल कसा मग. डॉक्टरांनी काहीच बोलून समजावलं नाही, बाबांना परत बोटं आपटायला लावली, आधी डावा हात मग उजवा, आणि काकांना म्हणाले बघत राहा. काका बघत राहिले. खाली येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, मग बाबांचा उजवा हात धरून जिन्यावरून उतरवलं त्यांना.

घरी आल्यावर बाबा म्हणाले ती काळी रेघ कुठे असते ते मला दाखव. मी लॅपटॉपवर सीडी लावली आणि तुमचे प्रतिसाद वाचत वाचत शोधली, सापडली असं वाटतंय. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले एवढीशी?

क्षकिरण | शनिवार, रात्री १०:०५

एवढीशीच. मनवा, सीडीची एक कॉपी हार्ड डिस्कवर काढून ठेवा, सीडी खराब होतात. पुढे कधी परत एमआरआय झाला तर ही जुनी बरोबर न्या आणि काउंटरवरच सांगा की तुलना करायची आहे. आणि स्कॅनची वेळ गोळी लागू झालेली असेल अशी घ्या, हात आणि मान तेव्हा जास्त शांत असतात.

मनवा | शनिवार, रात्री १०:२०

काढली कॉपी. बाबांच्या चालण्याचा आणि वळण्याचा आजचा व्हिडिओपण त्याच फोल्डरमध्ये टाकलाय, तारीख घालून.